भाकरी, लोह आणि लक्ष

"लक्ष कुठंय तुझं?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणाचंच बालपण गेलं नसेल. काही मुलांना मात्र तो रोज ऐकावा लागतो, वर धपाटाही मिळतो.

१९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांनी त्याला 'नैतिक नियंत्रणा'चा अभाव म्हटलं. पण कारण शरीरात असू शकतं, हेही त्यांनीच सुचवलं. आज आपण याला एडीएचडी म्हणतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

मग आहाराचं काय? १९७०च्या दशकात अमेरिकेत डॉ. फाइनगोल्ड यांनी खाण्यातल्या रंगांवर बोट ठेवलं. २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या प्रयोगात रंगांचा थोडा परिणाम दिसलाही. साखरेवरचा आरोप मात्र टिकला नाही. २००४ साली पॅरिसमध्ये एडीएचडी असलेल्या अनेक मुलांच्या शरीरात लोहाचा साठा कमी आढळला. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं, हे लक्षात घेतलं की धागा जुळतो.

आता आपल्या जालन्याकडे येऊ. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. संकरित बियाणं गावोगाव पोचलं आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या काळचा हिशोब एकरी क्विंटलचा होता, आणि तो बरोबरच होता. आधी पोटं भरायची होती! दाण्यात लोह किती, हा प्रश्न नंतरचा.

तो प्रश्न इक्रिसॅटच्या 'धनशक्ती' बाजरीने घेतला. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या १४० मुलामुलींपैकी काहींना सहा महिने या बाजरीचे पदार्थ दिले, बाकीच्यांना साध्या बाजरीचे. २०१८ साली निष्कर्ष छापून आले: लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांचं लक्ष आणि स्मरणशक्ती जास्त सुधारली.

आता घाई नको. ही मुलं एडीएचडीची नव्हती, आणि भाकरी हे एडीएचडीचं औषध नाही. डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या देणं तर धोक्याचंच. पण 'वांड' असा शिक्का मारण्याआधी पोराचं रक्त तपासायला काय हरकत आहे? प्रोग्रॅम चुकला की आपण कॉम्प्युटरला धपाटा घालत नाही, आधी इनपुट तपासतो. पोरांना निदान तेवढा न्याय मिळायला हवा.