कुपीतल्या भुकटीचं कूळ

रबरी बुचाची बोटाएवढी कुपी, तळाशी पांढरी भुकटी आणि लेबलवर बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. खांदा, गुडघा दुखावलेल्या माणसाला ऑनलाइन विकली जाते ती हीच. नाव बीपीसी-१५७. जखम लवकर भरते, असा दावा.

ही भुकटी म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी साखळी. या घराण्यातला सगळ्यांत नावाजलेला वडीलधारा म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई टोचली. ती बैलाच्या स्वादुपिंडाच्या अर्काची होती. साखर थोडीच उतरली, वर टोचलं तिथे गळू आलं. जेम्स कॉलिपने झटून अर्क शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा सुई दिली, तेव्हा कुठे पोरगा सावरला. औषध तेच, फरक फक्त शुद्धतेचा! घरी कुपीत पाणी घालून सुई भरणाऱ्याने हे बारा दिवस आठवावेत.

इन्सुलिनची एक पाती आपल्याकडेही आहे. वोक्हार्टने २००३मध्ये यीस्टकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन ‘वोसुलिन’ नावाने बाजारात आणलं. कंपनीचं बायोटेक पार्क वाळूज एमआयडीसीत. 

धाकटी पाती निघाली १९६३मध्ये. रॉबर्ट मेरीफिल्डने राळेच्या बारीक कणांना पहिलं अमिनो आम्ल चिकटवलं, मग त्यावर एकेक कडी जोडत, मधे मधे धूत साखळी वाढवली. त्यासाठी १९८४चं नोबेल मिळालं. लहान साखळी मागणीबरहुकूम बनवणं या रीतीने सोपं झालं, आणि सोपं झालं की दुकानं मांडली जातातच.

बीपीसी-१५७ ही १५ कड्यांची. क्रोएशियात झाग्रेबच्या प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुढे आणली. जठररसातल्या एका संरक्षक प्रथिनाचा हा तुकडा, असं त्यांचं म्हणणं. उंदरांच्या टाचेमागची कंडरा कापून त्यांनी पाहिलं, ती लवकर सांधली. पुढचं बरंचसं संशोधन त्याच गटाचं. माणसांवरचे अभ्यास मोजके आणि लहान. माझ्या मते एवढ्या पुराव्यावर सुई टोचून घेणं म्हणजे आपणच उंदीर होणं, तेही पदरचे पैसे मोजून.

असंच दुसरं पेप्टाइड टीबी-५००. त्याचं मूळ थायमोसिन बीटा-४ या ४३ अमिनो आम्लांच्या साखळीत. ऑस्ट्रेलियात एसेंडन फुटबॉल क्लबच्या ३४ खेळाडूंवर याच थायमोसिनपायी जानेवारी २०१६मध्ये क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी घातली.

वाळूजहून काही लांब नसलेल्या, पैठण रस्त्यावरच्या बिडकीनची ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत सप्टेंबर २०२४मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. उद्या तिथे पेप्टाइडचा कारखाना आला तर आनंदच आहे. पण त्या मालाने वाळूजच्या पातीची वाट धरावी, तपासणीची आणि परवान्याची.

तोवर गावातल्या मल्लांनी, कबड्डीपटूंनी एवढं करावं. खांदा निखळला तर हाडांच्या डॉक्टरकडे जावं, फिजिओथेरपीचे कंटाळवाणे आठवडे निमूट काढावेत आणि कुणी कुपी पुढे केली तर ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची यादी पाहावी. बीपीसी-१५७ तिथे २०२२पासून बंदीत आहे.