सगळे ऐका, एवढे सोडून : अँटेनातील खाचेचा इतिहास



चांदरातीच्या एका आठवणीने आरंभ करतो. आमच्या लहानपणी पिंपळनेरला रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आभाळ भरलेले असले की सारे घर रेडिओभोवती बसे. दादाजान काटा जपून फिरवीत. चंद्राची बातमी येणार, इतक्यात रस्त्यावरून एखादी मोटारसायकल जाई. खर्रर्र! बातमी गेली ती गेलीच. मग शेजारी विचारायला धावायचे.

ती खरखर गाडीच्या प्लगमधील ठिणगीची असते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मी इतिहास शिकवणारा माणूस. तरी या ठिणगीचा माग काढताना ध्यानात आले की बिनतारी विद्येचा जन्मच मुळी ठिणगीतून झाला आहे.

जर्मनीत कार्ल्सरूहे येथे हाइन्रिश हर्ट्झ याने 1886 ते 1888 या काळात ठिणग्या पाडून विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्यात त्यांचे जाहीर प्रयोग दाखविले. ठिणगीचा स्वभाव असा की ती एका सुरात बोलत नाही. एकाच क्षणी असंख्य वारंवारतांवर ओरडते. आज ज्याला अतिविस्तृत पट्टा म्हणतात, तो अशा रीतीने अगदी पहिल्या दिवसापासूनच होता. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांच्या 1898 च्या पेटंटात तर असा विस्तृत पट्टा पेलणारे शंकूच्या व त्रिकोणी पत्र्याच्या आकाराचे अँटेनाही दिसतात.

पण सगळेच ओरडू लागले तर ऐकायचे कोणी? 14 एप्रिल 1912 च्या रात्री ‘टायटॅनिक’चा तारायंत्रवाला दूरच्या केप रेस ठाण्याचे क्षीण संदेश ऐकत होता. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फाची सूचना दिली, ती इतकी जोरात कानात शिरली की त्याने चिडून गप्प राहण्यास सांगितले. तिकडच्या माणसाने थोड्या वेळाने यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. पुढे जहाज हिमनगावर आदळले. दीड हजारांहून अधिक जीव गेले. त्या अनर्थाला कारणे अनेक होती. तरी जवळचा मोठा आवाज दूरच्या बारीक आवाजाला गिळतो, ही अडचण इथे लख्ख दिसते.

उपाय म्हणून प्रत्येकाला आपापली वारंवारता वाटून दिली गेली, आणि 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेने ठिणगीयंत्रांवर निर्बंध आणले. दादाजानांचा काटा त्याच व्यवस्थेतला : एकच ऐका, बाकी सोडा.

काळाचे चाक पुन्हा फिरले. 2002 मध्ये अमेरिकी नियामकांनी 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झ एवढा प्रचंड पट्टा अतिविस्तृत पट्ट्याच्या यंत्रांना खुला केला. अट एकच, बोलायचे ते कुजबुजत. संपूर्ण पट्टा धरला तरी शक्ती जेमतेम अर्धा मिलिवॅट. 2019 पासून काही मोबाईलांतही ही सोय आली. एखादी वस्तू किती अंतरावर आहे हे तिने नेमके मोजता येते.

आता गंमत पाहा. याच पट्ट्याच्या मधोमध, 5.15 ते 5.825 गिगाहर्ट्झवर, वायफायचा गलका चालतो. कुजबुज टिकावी कशी? संशोधकांनी अँटेनाच्या तांब्याच्या पातळ पत्र्यावरच इंग्रजी यू आकाराची एक बारीक खाच कोरली. हिशेब शाळकरी आहे. 5.5 गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर, तिची अर्धी पावणेतीन. छापील पट्टीवर लहर आखडते म्हणून खाच आणखी आखूड लागते. त्या एका वारंवारतेला खाचेच्या दोन्ही काठांनी वीज उलटसुलट दिशांनी धावते, परिणाम एकमेकांना खोडतात आणि ती लहर आल्या पावली परत फिरते. बाकीच्यांना खाच जणू दिसतच नाही. खाच लांब केली की नकार खालच्या वारंवारतेकडे सरकतो. भारतात 2022 मध्ये 3.3 गिगाहर्ट्झच्या पुढे फाइव्ह-जी आले, म्हणजे तिथेही दुसरी, जास्त लांबीची खाच हवी.

हे सारे परदेशातले, असे म्हणू नका. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तेथून जवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, आणि पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी, म्हणजे वारा आरपार जातो आणि लहर मात्र अडते. पूर्वी ती एका वेळी 32 मेगाहर्ट्झचाच पट्टा ऐके; सुधारणेनंतर 400 पर्यंत ऐकते. कान मोठा झाला, तसे टीव्ही आणि मोबाईलचे आवाजही आत शिरू लागले. तेथील उपाय अँटेनावर खाच कोरण्याचा नाही. ग्राहक यंत्रांत गाळण्या बसवून ठरावीक पट्टे तेवढे नाकारले जातात. तत्त्व मात्र तेच.

दर वर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त, ही दुर्बीण लोकांना पाहता येते आणि शाळांची मुले आपापले प्रयोगही मांडतात. मुलींनाही न्या. आमच्या वर्गात ‘सर, नको तेवढेच कसे गाळतात?’ हे एका मुलीनेच विचारले होते.

एक शत्रू मात्र कोणत्याही खाचेला दाद देत नाही : विजेच्या उच्चदाबाच्या तारांवर उडणारी ठिणगी. ती सर्व वारंवारतांवर एकदम बोलते, मग नाकारायचा पट्टा कोणता? म्हणून खोडदला संगणक वेळेकडे पाहतो. क्षणभर अचानक उसळी आली की तेवढाच क्षण वगळतो आणि पुढचे ऐकू लागतो. दादाजानांच्या रेडिओला ती युक्ती ठाऊक नव्हती.