कसली शिक्षा?

दुखण्याने जेरीस आलेला माणूस मराठीत हमखास विचारतो, ‘देवा, कसली ही शिक्षा?’ हिंदू विचारतो तसा ख्रिस्तीही विचारतो. त्यातला ‘शिक्षा’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे.

संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. धातू ‘शिक्ष्’. तो ‘शक्’पासून आला, म्हणजे मुळात एखादी गोष्ट जमावी अशी इच्छा. उच्चारशास्त्राच्या वेदांगाचे नाव शिक्षा, आणि हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षणच. मराठीने शिकणे, शिक्षण, शिक्षक हे सगळे शाळेत ठेवले आणि ‘शिक्षा’ तेवढी कोर्टात पाठवली.

ग्रीकमध्ये ‘पाइदेइया’ या शब्दाचे जवळपास हेच झाले. ‘पाइस’ म्हणजे मूल, आणि मुलाला वाढवून शहाणे करणे ते पाइदेइया. नव्या करारात त्याचे क्रियापद कुठे कुठे येते पाहा. मोशे मिसरी लोकांच्या विद्येत तयार झाला, तिथे तेच. पौल गमलिएलाच्या पायाशी शिकला, तिथेही तेच. आणि लूकच्या 23व्या अध्यायात पिलात म्हणतो की येशूला चोप देऊन सोडून देतो, तिथेही तेच! गुरूची शिकवण आणि शिपायाचे फटके एकाच क्रियापदात बसले आहेत.

इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात लेखक सांगतो की देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला ‘पाइदेइया’ देतो. मराठी बायबलमध्ये तिथे ‘शिक्षा’ आहे. संस्कृत कानाला ते चपखल वाटेल. पण मराठी माणसाला त्यात गुन्हा आणि निकाल ऐकू येतो, आणि अंथरुणाला खिळलेली बाई आपले काय चुकले याचा हिशेब मांडत बसते. लेखकाच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळी माणसे होती. विश्वासापायी ज्यांची मालमत्ता लुटली गेली, ज्यांचे सोबती तुरुंगात पडले, त्यांना तो धीर देत होता. त्यांच्या पापांची झडती तो घेत नव्हता. त्याच उताऱ्यात फटक्यांचाही शब्द आहे, तो झाकता येणार नाही. पण ते फटके बापाचे आहेत, न्यायाधीशाचे नव्हेत. मला विचाराल तर तिथे ‘वळण’ हवे. ‘मुलाला वळण लावणे’ यात कडकपणाही आहे आणि घरही.

दुःखामागे पाप शोधायची सवय जुनी आहे. इंग्रजी ‘पेन’ लॅटिन ‘पोएना’वरून आला, आणि पोएना म्हणजे दंड. म्हणजे दुखणे आणि सजा तिथेही एकाच मुळातून आली. योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असेही तो मानत नाही. ईयोबाचे मित्र त्याच्यात दोष शोधत अध्यायामागून अध्याय बोलतात, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच होतो.

हालअपेष्टांसाठी नव्या करारात वारंवार येणारा शब्द आहे ‘थ्लिप्सिस’. त्याचा अर्थ दाब, चेपले जाणे. मत्तयातली जीवनाची वाट अरुंद आहे, तिथे याच धातूचे रूप आहे. इथे मराठीचे भाग्य थोर, कारण आपल्याकडे जोडीचे दोन शब्द तयार आहेत. ‘पीडा’ ही ‘पीड्’ म्हणजे दाबणे, पिळणे यावरून आली. ‘संकट’चा संस्कृतातला अर्थ अरुंद, चिंचोळे. दोन्हींत अंगावर आलेला भार आहे, अडचणीची वाट आहे, पण आरोप नाही. आणि गेथशेमाने, जिथे येशू व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता, त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. त्या पीडेला कोणताही ख्रिस्ती माणूस येशूच्या अपराधाची सजा म्हणणार नाही.

म्हणून आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्या पाळकांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: तिथे प्रार्थना करताना संकट म्हणा, पीडा म्हणा. शिक्षा म्हणू नका.