सुतारांच्या दुकानातलं युकुलेले

युकुलेले जन्मलं ते कपाटं आणि टेबलं करणाऱ्या सुतारांच्या दुकानात. आज एकाच आकाराची, एकाच तपकिरी रंगाची दोन युकुलेले शेजारी मांडलेली दिसतात, एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट असते, आणि घेणारा गोंधळतो. लाकूड कुठलं, ते किती जाड आणि किती पैशांत, हे तीन प्रश्न या वाद्यामागे पहिल्यापासून लागलेले आहेत. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी त्याचं कूळ पाहिलेलं बरं.

ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज हवाईतल्या होनोलुलूच्या बंदराला लागलं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून निघालेली चारशेहून अधिक माणसं चार महिन्यांचा प्रवास करून त्यातून उतरली. मदेराच्या द्राक्षमळ्यांवर एकामागून एक रोग पडले होते आणि हाताला काम उरलं नव्हतं. इकडे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकातीची जाऊ लागल्यामुळे उसाच्या मळ्यांना मजूर पुरत नव्हते. ही टंचाई एवढी होती, की राजा कालाकाउआ १८८१ साली जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा परदेशातून मजूर मिळवणं हाही त्या दौऱ्याचा एक हेतू होता. त्याच प्रवासात कलकत्त्याहून आगगाडीने तो मुंबईलाही आला होता.

मदेराहून आलेल्यांत मानुएल नुनेश, जोझे दो एश्पिरितो सांतो आणि ऑगुस्तो दियाश हे तीन सुतार होते. जुआंव फर्नांडिश नावाचा एक हौशी वादकही होता. एका सहप्रवाशाचं ‘माशेत’ हातात घेऊन तो धक्क्यावर उतरताच वाजवू लागला, असं सांगतात. माशेत म्हणजे चार तारांची, लहान मुलाच्या हातात मावेल एवढी गिटार. दोन आठवडे होतात न होतात तोच होनोलुलूच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की मदेराचे लोक रोज संध्याकाळी रस्त्यावर गाणं-बजावणं करतात.

मळ्यांवरचे करार संपल्यावर तिघे सुतार होनोलुलूत आले आणि १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी आपापली दुकानं थाटली. फर्निचर करायचं आणि जोडीला तंतुवाद्यं, असा त्यांचा धंदा. हाताशी लाकूड होतं ते कोआचं. कोआ हवाईखेरीज जगात कुठेच आपोआप उगवत नाही. आपल्या कोकणात लागवडीतून पसरलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि हा कोआ एकाच वंशातले. हवाईचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या ओंडक्यांतून होड्या कोरत आले होते. मदेराच्या सुतारांनी त्याच लाकडाच्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढल्या, त्या वाकवून अंग घडवलं आणि वर तशीच पातळ तबली बसवली.

युकुलेलेचा बांधा माशेतचा राहिला, पण तारा सुरात लावण्याची पद्धत आली ‘रजांव’ या मदेराच्याच पाच तारांच्या वाद्यावरून. त्यातल्या चार तारा घेतल्या, आणि वरून पहिली तार तिसरीपेक्षाही उंच सुरात ठेवली. तंबोऱ्याच्या तारा जशा चढत्या क्रमाने लागत नाहीत, तसंच हे. चारही सूर जवळजवळचे असल्यामुळे एका फटकाऱ्यात घट्ट, उजळ झंकार उठतो. त्या काळी तारा आतड्याच्या तातीच्या असत. त्यांचा ताण कमी आणि आवाज नाजूक. तो आवाज खुलवायला तबली हलकी असणं भागच होतं.

कालाकाउआने या वाद्याला दरबारात जागा दिली. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुला नृत्याच्या साथीला युकुलेले होतं. मिशनऱ्यांनी दडपलेलं हुला हा राजा पुन्हा उभं करत होता. त्याच्या आश्रयामुळे सात-आठ वर्षांपूर्वी परदेशातून आलेलं वाद्य हवाईचं स्वतःचं झालं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली, आणि ती खरेदीदाराने मुद्दाम ऐकावी अशी आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन या नामांकित गिटार कंपनीने १९०७ मध्ये युकुलेले करून पाहिलं. गिटारचा अनुभव गाठीशी असल्यामुळे त्यांनी स्प्रूसची तबली घातली आणि आतून मजबूत पट्ट्या चिकटवल्या. वाद्य भक्कम झालं, पण आवाज दबला आणि ते कोणी घेईना. १९१५ मध्ये पनामा कालव्याच्या निमित्ताने सॅन फ्रान्सिस्कोत भव्य प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या दालनात लोकांनी युकुलेले ऐकलं आणि देशभर त्याचं वेड पसरलं. तेव्हा मार्टिनने पुन्हा हात घातला. या खेपेला महोगनी वापरली, तीही पातळ, आणि आतल्या पट्ट्या अगदी मोजक्या. ही वाद्यं इतकी खपली, की १९२०च्या दशकात कंपनी गिटारपेक्षा युकुलेलेच जास्त बनवू लागली.

मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. अमेरिकेतल्या कारखान्यांचा माल हवाईच्या नावावर खपू लागल्यावर होनोलुलूच्या कारागिरांनी ‘टॅबू’ हा शब्द असलेली मोहोर काढून आपल्या वाद्यांवर उमटवायला सुरुवात केली. नुनेशच्या हाताखाली शिकलेल्या सॅम्युअल कामाकाने १९१६ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. अननसाच्या आकाराचं युकुलेले ही त्याचीच कल्पना; १९२८ मध्ये तिचं पेटंट झालं. कामाका घराण्याचा कारखाना होनोलुलूत आजही चालू आहे.

तोवर युकुलेले म्हणजे अखंड फळीचंच, असा बहुतेक मामला होता. तो मोडला मारिओ माकाफेरी या इटालियन गिटारवादक-कारागिराने. १९४९ मध्ये त्याने ‘आयलँडर’ हे प्लास्टिकचं युकुलेले पाच डॉलर ९५ सेंटला बाजारात आणलं. तारा नव्या नायलॉनच्या. तेव्हा लोकप्रिय सूत्रधार आर्थर गॉडफ्रे अमेरिकेतल्या टीव्हीवर युकुलेले वाजवत होता, आणि हे खेळण्यासारखं दिसणारं वाद्य लाखोंनी विकलं गेलं. त्याला हसण्यापूर्वी एक ध्यानात घ्यावं: साच्यातून निघाल्यामुळे त्याचे पडदे नेमक्या जागी होते, म्हणून ते सुरात वाजे. पडदे चुकलेलं लाकडी वाद्य त्याच्यापुढे फिकं पडायचं.

प्लास्टिकमागोमाग स्वस्त प्लायची युकुलेले बोकाळली. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे घालून डिंकाने चिकटवलेले असतात. ते चिरत नाही आणि पावसाळा सोसतं. पण अखंड फळी रेषांच्या दिशेने ताठ आणि आडवी लवचीक असते, म्हणून ती मोकळी थरथरते. प्लायमध्ये हा भेद पुसला जातो, आणि झंकार लवकर विझतो.

आजची परिस्थिती घेणाऱ्याच्या बाजूची आहे. १९९३ मध्ये हवाईचा गायक इझ्राएल कामाकाविवोओले याचा ‘फेसिंग फ्यूचर’ हा अल्बम आला, पुढे इंटरनेटवर युकुलेले घरोघरी पोचलं. चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातले कारखाने आता पूर्ण सॉलिड महोगनीची आणि अकेशियाची वाद्यं मध्यम किमतीत देतात. कोआ मात्र महागच राहणार. ते फक्त हवाईत मिळतं, आणि तिथली कितीतरी कोआची जंगलं गुरांच्या कुरणांपायी गेली. अकेशिया हा कोआचाच भाऊबंद, दिसायलाही जवळचा. महोगनीची आपल्याकडे वेगळी ओळख द्यायला नको. मिरजेचे कारागीर ज्या तुनीच्या लाकडाची तबली करतात, ती तून महोगनीच्याच कुळातली.

घेताना पाटीवरचे शब्द नीट वाचावेत. नुसतं ‘कोआ’ किंवा ‘महोगनी’ लिहिलं असेल तर बहुधा ते वरचं पातळ कातडं असतं आणि खाली प्लाय. ‘सॉलिड टॉप’ म्हणजे फक्त तबली अखंड, बाजू आणि पाठ प्लायची. ‘ऑल सॉलिड’ म्हणजे सगळं अंग अखंड. खात्री करायची तर तबलीवरच्या भोकाची कड पाहावी. लाकडाच्या रेषा वरून कडेवर सरळ उतरत असतील तर फळी अखंड, थर दिसले तर प्लाय. कडेला पट्टी लावून ती झाकली असेल, तर भोकातून पाठीची आतली बाजू पाहावी आणि तिच्यावरची एखादी गाठ किंवा रेष बाहेरही जुळते का ते ताडावं. मग वाद्य हातात तोलावं. अखंड लाकडाचं असूनही जड लागलं, तर मार्टिनची १९०७ची चूक तिथे पुन्हा झाली आहे असं समजावं.

शेवटी मोकळी तार छेडावी आणि तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दोन्ही सूर नेमके सप्तकाच्या अंतराने लागले पाहिजेत. अखंड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते फुगतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत चिरू शकतं. त्याला पेटीत ठेवण्याची शिस्त जमणार नसेल, तर चांगल्या पडद्यांचं प्लायचं युकुलेले घेण्यात काहीच कमीपणा नाही. शिस्त जमणार असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर पहिला पैसा सुरात लागणाऱ्या पडद्यांना, दुसरा अखंड, पातळ तबलीला, तिसरा न घसरणाऱ्या खुंट्यांना द्यावा. नक्षीवर, शिंपल्याच्या जडावावर आणि ‘कोआ’ या नावावर खर्च करायचा तो यातून काही उरलं तरच.