खेळ संपल्यावर उरलेला कागद

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आरब्रोथ नावाचे एक लहानसे बंदर आहे. १२ सप्टेंबर १८८५ रोजी तेथील फुटबॉल संघाने स्कॉटिश चषकाच्या सामन्यात ॲबर्डीनच्या बॉन ॲकॉर्ड संघावर ३६ गोल चढवले. उलट एकही झाला नाही. जॉकी पेट्री नावाच्या पोरसवदा खेळाडूने एकट्याने १३ गोल मारले. गंमत अशी की, त्याच दिवशी जवळच्या डंडी गावी दुसऱ्या एका संघाने ३५ गोल केले, आणि एका गोलाने त्यांचे अजरामर होणे हुकले!

हा किस्सा पुष्कळांनी ऐकला असेल. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट नवलाची वाटते. त्या दिवशी हरणाऱ्यांच्या गोलात उभा होता तो अँड्र्यू लॉर्नी. बिचारा मुळात गोलरक्षक नव्हेच. ऐन वेळी त्याला तेथे उभे केले होते. ३६ वेळा जाळ्याकडे पाठ वळवून चेंडू काढून आणणाऱ्या त्या माणसाचे नाव आज सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतरही उपलब्ध आहे. जिंकणाऱ्यांची नावे सगळेच जपतात हो. पण ज्या मुलखात असा दारुण हरलेला माणूसही नावानिशी शिल्लक राहतो, तेथल्या लोकांना कागद सांभाळण्याची काही निराळीच आवड असली पाहिजे.

ती आवड आहेच. स्कॉटलंडमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दाराशी चार-आठ पानांची एक पुस्तिका विकायला असे. किंमत काही पेन्स. तिला ते लोक ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. आत मधल्या दोन पानांवर दोन्ही संघ छापलेले; तेही यादीसारखे नव्हेत, तर मैदानावर उभे असावेत तसे. वर एक गोलरक्षक, त्याखाली दोन बॅक, मग तीन हाफबॅक आणि शेवटी पाच फॉरवर्ड. समोरचा संघ उलट्या क्रमाने, खालून वर. मध्ये पंचाचे नाव. बाकीच्या जागेत कापडवाल्याची, खाणावळीची, सिगारेटची जाहिरात.

या पुस्तिकेत आणखी एक युक्ती असे, आणि ती मला फार आवडते. एका चौकटीत त्या दिवशी इतरत्र चाललेले सामने अ, ब, क अशा क्रमाने त्यांच्या लिपीतील अक्षरांखाली छापलेले असत. मैदानाच्या कडेला एक मोठा फलक, त्यावर नुसती अक्षरे. मध्यंतर झाले की एक माणूस शिडीवर चढून त्या अक्षरांखाली आकड्यांच्या पाट्या अडकवी. ‘फ’खाली दोन आणि एक. पण ‘फ’ म्हणजे कोणता सामना, हे ज्याने पुस्तिका विकत घेतली त्यालाच कळणार! खिशात रेडिओ नसलेल्या त्या काळात फुकट्या प्रेक्षकाला शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावण्यावाचून गत्यंतर नसे. व्यापार म्हणावा तर हा असा.

शिवाय ग्लासगोच्या एका सायंदैनिकाने १९२८ पासून हंगामाच्या आरंभी खिशात मावेल असे एक लाल पुठ्ठ्याचे चिमुकले वार्षिक काढायला सुरुवात केली. वर्षभराचे सामने, मागल्या वर्षीचे निकाल, चषक जिंकणाऱ्यांच्या याद्या असे सर्व त्यात असे. आपल्याकडे घरोघरी भिंतीवर पंचांग-दिनदर्शिका, तसे त्यांच्याकडे कोटाच्या खिशात हे लाल पुस्तक.

अशा कागदाची खरी किंमत कळते ती क्लब मेल्यावर. ग्लासगोत थर्ड लॅनार्क नावाचा एक संघ होता. १८७२ साली स्वयंसेवक शिपायांच्या एका पलटणीतून तो निघाला, १९०४ साली स्कॉटलंडचा लीग विजेता झाला, आणि १९६०-६१ च्या हंगामात तर त्याने ३४ सामन्यांत १०० गोल करून तिसरा क्रमांक पटकावला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, २८ एप्रिल १९६७ रोजी, डम्बार्टन येथे १-५ असा पराभव पत्करून तो शेवटचा सामना खेळला आणि मग दिवाळखोरीत बुडाला. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच त्याच ग्लासगोच्या सेल्टिक संघाने लिस्बन येथे युरोपीय चषक जिंकला. शहर नाचत होते. नाहीशा झालेल्या संघाकडे पाहायला सवड कोणाला? थर्ड लॅनार्कच्या मैदानाच्या पायऱ्यांवर पुढे झाडे उगवली. पण त्या संघाच्या पुस्तिका लोकांनी पेट्यांतून सांभाळल्या, आणि त्यांच्या आधारे आज कोणालाही सांगता येते की अमक्या शनिवारी डाव्या बगलेला कोण खेळला.

आता वाचक विचारतील, हे स्कॉटलंडचे पुराण आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्यात बसून का सांगता? कारण सरळ आहे. आपल्याकडचे फुटबॉल पुष्कळ अंशी त्यांच्याच पायांनी आले. सिमल्याला १८८८ साली ड्युरँड चषक सुरू झाला. पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फन्ट्रीला २-१ असे हरवले. म्हणजे जिंकणारेही स्कॉटिश, हरणारेही स्कॉटिश. १८९९ पर्यंतच्या बारा वर्षांत एक १८९६ चा अपवाद सोडला तर तो चषक स्कॉटिश पलटणींच्या बाहेर गेलाच नाही. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला, तो मात्र पहिल्या वर्षी वूस्टरशायरच्या गोऱ्या पलटणीने नेला. पुढे १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा गोऱ्या शिपायांची मक्तेदारी मोडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो आपल्याच घरी ठेवला.

रोव्हर्स म्हणजे कूपरेज. पिंपे करणाऱ्या कारागिरांवरून त्या जागेला हे नाव पडले. अंबरनाथहून लोकलने व्हीटीला उतरायचे (तेव्हा व्हीटीच म्हणत), फ्लोरा फाउंटनवरून ओव्हलच्या कडेकडेने चालत जायचे, की दिव्यांचे खांब आणि कुंपण दिसू लागे. कलकत्त्याचे मोठे संघ आले की बाहेर तोबा गर्दी. दारात स्मरणिका विकायला असे. ती घेणे म्हणजे परतीच्या प्रवासातल्या चहा-वड्यावर पाणी सोडणे. तरी आम्ही ती घेत असू. बँका, गिरण्या, तेल कंपन्या यांच्या जाहिराती, १८९१ पासूनच्या विजेत्यांची यादी, आणि मधे संघांची नावे, पुष्कळदा आद्याक्षर आणि आडनाव एवढीच.

त्या जाहिराती आणि ती नावे यांचा संबंध मला फार उशिरा लक्षात आला. मुंबईचे फुटबॉल मुख्यतः कचेऱ्यांचे होते. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, मफतलाल, रेल्वे, बँका, नौदल. चांगला खेळणाऱ्या पोराला कारकुनाची नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी खातेवही. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला तेव्हा मुंबईकरांची छाती फुगली. याच टाटा-कॅल्टेक्सच्या मुशीतून नेव्हिल डिसोझा निघाला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि शेवटी स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. एवढे करून १९८० साली हा माणूस गेला, तेव्हा किती घरांत त्याची आठवण निघाली असेल, कोण जाणे.

पण नेव्हिल काही विस्मृतीत गेलेला म्हणता यायचा नाही. त्याचे नाव ऑलिंपिकच्या दप्तरात आहे. मला सलते ते त्याच्या खालच्या थरातले. १९०२ पासूनची हारवूड लीग घ्या. वरच्या विभागाचे सामने पाहायला माणसे येत. खालच्या विभागातले संघ खेळत तेव्हा कडेला बहुधा त्यांचेच मित्र, एखादा भाऊ, आणि भेळवाला. खेळणारे कोण? डॉकमधले, टपाल खात्यातले, गिरणीतले, वांद्रे-माहीमच्या गोवेकर वस्त्यांतले. दोन-दोन गाड्या बदलून यायचे, नव्वद मिनिटे धावायचे, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ओळ: अमुक संघाने तमुक संघास २-० असे हरवले. ते दोन गोल कोणी केले, हे त्या ओळीत मावत नसे.

क्रिकेटची गोष्ट निराळी. १९४८ साली सुरू झालेली डॉ. कांगा लीग ऐन पावसाळ्यात चिखल तुडवीत खेळली जाते आणि ‘ए’पासून ‘जी’पर्यंत तिचे विभाग आहेत. तरी अगदी खालच्या विभागात पाच बळी घेणाऱ्याचे नाव बारीक टाइपात का होईना छापून येई आणि त्याची आई ते कात्रण देवघरात ठेवी. शिवाय मद्रासच्या ‘हिंदू’ने १९४७ पासून ‘इंडियन क्रिकेट’ हे वार्षिक काढले. गुरुनाथन यांनी संपादित केलेली ती जाडजूड पुस्तके म्हणजे धावा-बळींची बखरच. फुटबॉलच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

कागद जपल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातल्या माणसाचे आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम १९३६ साली ग्लासगोला गेला आणि सेल्टिकमध्ये जाऊन उभा राहिला. अनवाणी खेळणारा हा हिंदी माणूस पाहून तेथले लोक चक्रावले. त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्या आणि त्याला खेळवले. सामने दोनच, तेही पहिल्या संघाचे नव्हेत, राखीव संघाचे, अलायन्स लीगमधले. एक हॅमिल्टनविरुद्ध, दुसरा गॅल्स्टनविरुद्ध. दोन्ही सेल्टिकने सहज जिंकले, वर्तमानपत्रांनी सलीमला जादूगार ठरवले, आणि घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला सलीम बोट पकडून परत आला. हिशेबाने पाहता दुय्यम संघातले दोन सामने. आपल्याकडे त्यांचा मागमूस उरला नसता. पण सेल्टिकच्या लोकांनी ते टिपून ठेवले होते, आणि त्या संघाचा प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी खाली वाकून सलीमच्या पावलांना पट्टी बांधतो आहे, हे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

आपल्याकडे नावे जपण्याची सवय मुळीच नाही असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कोल्हापुरात जा. तेथे फुटबॉल कचेऱ्यांचे नाही, तालमींचे आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल; कुस्तीच्या तांबड्या मातीतून उठून पोरे चेंडूमागे लागली. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की शहरात दुसरा विषय नाही. तेथे जुन्या खेळाडूचे नाव कागदावर नसले तरी पेठेच्या तोंडी असते. नाव कळले की चार जण त्याचा गोल कुठून, कसा गेला हे हातवारे करून सांगतात. मात्र तोंडचे नाव तोंडापुरतेच. सांगणारा गेला की त्याच्याबरोबर ते जाते.

आम्ही अंबरनाथकर शिलालेखाच्या सावलीत वाढलो. आमच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा लेख आहे. शिलाहार राजा मम्वाणीचे नाव त्याने साडेनऊशेहून अधिक वर्षे जिवंत ठेवले. भिंतीवरचे ते नाजूक काम ज्यांच्या छिन्नीतून उतरले, त्या पाथरवटांना मात्र आम्ही नावाने ओळखत नाही. रोव्हर्सच्या स्मरणिकेतली विजेत्यांची यादी म्हणजे राजाचा लेख. मधल्या पानावरची, आद्याक्षर-आडनावांची ती मनोऱ्यासारखी रचलेली अकरा नावे म्हणजे पाथरवटांचा.

रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर थांबला. कचेऱ्यांनी एकेक करून संघ बंद केले. गिरण्या तर त्याआधीच निजल्या होत्या. एका कंपनीचा क्रीडा विभाग उठला, तेव्हा कपाटातल्या ढाली भंगारात आणि वह्या रद्दीत गेल्या, असे तेथे नोकरीस असलेल्या आमच्या एका स्नेह्याने सांगितले. ढालीला निदान पितळेचा भाव आला. वह्या किलोवर गेल्या. आता दसऱ्यानंतर घरोघरी साफसफाई निघते, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली येतात, आणि सूनबाई विचारतात, ‘बाबा, हे काय ठेवायचंय?’ तेव्हा त्या चिकटलेल्या पानांच्या पुस्तिकेची बाजू घ्यायला सासऱ्याजवळ मोठेसे कारण नसते. चषक कोणी जिंकला ते सगळीकडे छापलेले आहे. मग ही कशाला?

ही एवढ्यासाठी. माझ्याजवळच्या एका स्मरणिकेत, स्थानिक संघाच्या पानावर, डाव्या हाफबॅकचे छापील नाव कोणीतरी पेन्सिलीने खोडले आहे. तो त्या दिवशी आला नसावा. कदाचित कचेरीने सोडले नसेल, कदाचित गाडी चुकली असेल. वर बारीक अक्षरात दुसरे नाव लिहिले आहे. ती स्मरणिका मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलली, तेव्हा लिहिणारा हात कोणाचा हे सांगायला कोणी नाही. पान ओलीने डागळले आहे आणि आडनावाचा उत्तरार्ध पुसला गेला आहे. बदली आलेला हा गडी कूपरेजवर खेळला याचा पुरावा म्हणून तेवढीच साडेतीन अक्षरे आहेत. भिंगाखाली धरली की पहिले अक्षर ‘प’ वाटते. उजेड बदलला की ‘ष’.