चांदोरी रुपयावरील अपुरीं अक्षरें

पांझरेच्या उत्तर तीरावरील देवपुरांत एका संग्राहक स्नेह्यांकडे आम्हांस सात जुने चांदीचे रुपये पाहावयास मिळाले. पैकीं तीन त्यांनीं पेटींत जपून ठेविले होते. उरलेले चार एका पुडींत बांधले होते व ते सोनाराकडे आटविण्यास जावयाचे होते. कारण विचारतां ते म्हणाले, "ह्यांवरचीं अक्षरें कडेशीं तुटलेलीं आहेत, एकाची तर कडच चिरलेली आहे, हीं खोटीं नाणीं." हा निकाल आम्हांस मान्य होण्यासारखा नव्हता. कां, तें येथें सांगावयाचें आहे.

नाणीं चांदोरी होतीं. म्हणजे नासिक जिल्ह्यांतील चांदवड, जुन्या कागदांतील चांदोर, येथील होळकरशाही टांकसाळींत पडलेलीं. नांव शहा आलम बादशहाचें, लिपि फारसी व टांकसाळीचें नांव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. मराठ्यांच्या नाण्यावर दिल्लीच्या बादशहाचें नांव पाहून आमच्या वाचकांस नवल वाटणार नाहीं. चांदवडाहून मालेगांवावरून येणारा आग्रारस्ता धुळें ओलांडून देवपुरांतूनच पुढें जातो, तेव्हां येथील जुन्या घरांत हा रुपया सांपडावा हें साहजिकच आहे. इ. स. १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला, व १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकछापी रुपया सुरू झाल्यावर असल्या स्थानिक नाण्यांची वाट मुशीकडे लागली. जीं वांचलीं तीं आतां आपल्या हातून आटूं नयेत.

ह्या टांकसाळीच्या कामाची हकीकत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नासिक खंडांत (इ. स. १८८३) आली आहे. ठरलेल्या कसाची चांदी प्रत्येक कारागिराच्या हवालीं करीत. तो तिचे लहान तुकडे पाडी, त्यांस वाटोळेपण आणी व ते तोली. आकार सारखा असण्यापेक्षां वजन बरोबर असण्याकडे सारें लक्ष असे. त्याकरितां प्रत्येकास ताजवा व वजनें दिलेलीं असत आणि कारभारी तीं दर आठवड्यास तपाशी. मग ठशाचें काम. ऐरणीसारख्या साधनाच्या मध्यभागीं खळगा असे व त्यांत अक्षरें कोरलेलीं असत. एकामागून एक तुकडा त्या खळग्यांत पडे. बाटेकरी नांवाचा मनुष्य त्यावर मोर्तब धरी. आणि तिसरा सहा रत्तली हातोड्याचा घाव घाली. असे तिघे मिळून ताशीं २,०००, म्हणजे दहा तासांच्या दिवसांत २०,००० नाणीं पाडीत. मोर्तब तुकड्याहून किंचित् मोठें असल्यामुळें सगळीं अक्षरें क्वचितच उमटत, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे.

आतां ठसा मारतांना चांदी तापलेली असे कीं थंड? हकीकतींत त्या वेळीं भट्टीचा उल्लेख नाहीं. केवळ अनुल्लेखावरून अनुमान काढणें धोक्याचें, हें आम्ही जाणतों. परंतु येथें आंकडाच साक्षीस उभा राहतो. ताशीं २,००० म्हणजे एका नाण्यास दोन सेकंदही मिळत नाहींत. लालबुंद तुकडा सांडशीनें उचलावा, खळग्यांत नीट बसवावा, घाव घालून पुन्हां सांडशीनेंच काढावा, हें एवढ्या वेळांत होणें नाहीं. कोणी म्हणेल, आंकडा फुगविलेला असेल. निम्मा धरा; तरी चार सेकंदांच्या आंतच सारें उरकावें लागतें. तेव्हां घाव थंड चांदीवरच पडत असला पाहिजे. चांदी चांगल्या कसाची असली कीं ती मऊ असते, व एका घावांत ठशाच्या खांचांत शिरते.

अग्नीचें काम त्याआधीं संपत असे. कोणत्याही सोनारास विचारा: थंड चांदी ठोकीत गेलें म्हणजे ती कडक होते, आणि तापवून नरम न करतां तशीच ठोकीत राहिलें तर कडेस चिरते. तुकड्यास वाटोळेपण आणण्याकरितां त्याची कड ठोकली जाई. नरम करणें राहून गेलें, कीं शेवटच्या घावानें तेथें चीर पडावयाची. चिरलेली कड हा अशा रीतीनें घाईचा पुरावा होतो, खोटेपणाचा नव्हे. दुहेरी उमटलेलीं अक्षरेंही ह्याच घाईचीं.

'मोर्तब' हा शब्द येथें पाहून दप्तरें चाळणाऱ्यांस आनंद होईल. मोडी पत्राच्या शेवटीं आपण नित्य वाचतों तें 'मोर्तब सुद' हेंच. माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब, हा पत्राचा शिरस्ता. टांकसाळींत मात्र मोर्तब हें हातोड्याखालचें हत्यार. कागदावर ठसा पुरा बसला नाहीं म्हणून पत्र बनावट ठरविणारा संशोधक आम्हीं पाहिला नाहीं. नाण्यालाच हा वेगळा न्याय कां?

उत्तर बहुधा यंत्रानें लाविलेल्या संवयींत आहे. मुंबईची टांकसाळ इ. स. १८२९ त उभी राहिली. तीन वाफेच्या यंत्रांवर दिवसास १,५०,००० नाणीं पाडण्याची तिची शक्ति होती. चांदोरचा आंकडा खरा मानल्यास ठसा मारण्याचें एवढें काम आठ ऐरणींचें, चोवीस माणसांचें! ठसा मुंबईसही थंड चकतीवरच पडे. यंत्राचा खरा विशेष सारखेपणा हा होता. चकती पोलादी कड्यांत अडकविली कीं धातु बाजूस पसरत नाहीं, कड एकसारखी राहते, व कोणीं कातरली तर ताबडतोब दिसते. चांदोरी रुपयास असा पहारा नव्हता; त्याचा भरंवसा ताजव्यावर. म्हणूनच सराफ त्यावर पारखेच्या लहान खुणा मारीत. त्या खुणा डाग समजून घासून काढणारे संग्राहक आहेत. त्यांनीं कृपा करून हात आवरावा.

ह्या दृष्टीनें आम्हीं तीं चार नाणीं पुन्हां तपासलीं. तिघांचें वजन साडेअकरा माशांच्या आसपास भरलें. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण होत्या. एकावर 'जाफराबाद'चा आरंभ होता, दुसऱ्यावर 'चांदोर'चा शेवट. पेटींतल्या तिहींशेजारीं तीं मांडतांच टांकसाळीचें नांव प्रथमच सलग वाचतां आलें. जीं आटवावयाचीं, त्यांनींच जपलेल्या नाण्यांचें वाचन पुरें केलें.

चौथा मात्र खोटाच निघाला. त्यावर अक्षरें बहुतेक सगळीं होतीं. पण तीं बोथट, पृष्ठावर बारीक छिद्रें, कडेस सांध्याची रेघ, आणि वजन हलकें. तो सांच्यांत ओतलेला होता; त्यावर घाव पडलाच नव्हता. स्नेह्यांस तोच चौघांत बरा वाटला होता. तोही आटवूं नये, निराळ्या पुडींत तशी नोंद करून ठेवावा, असें आम्हीं त्यांस सुचविलें, व त्यांनीं तें मान्य केलें आहे.