स्वस्त व्हिस्कीची कुळकथा

कामगाराच्या पेल्याविषयी आपल्याकडे उपदेश फार होतो, माहिती थोडी मिळते. चिंचवडपासून चाकणपर्यंत दुकानांतून स्कॉच व आयरिश बाटल्या हारीने मांडलेल्या दिसतात. त्यांचा भाव उतरला तो यंत्रामुळे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ईनिअस कॉफी हा आयर्लंडातील अबकारी खात्याचा अधिकारी. त्याने 1830 साली खांबासारख्या उभ्या, अखंड चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले. तांब्याच्या जुन्या भट्टीत एक घाणा उतरला की भांडे रिकामे करून पुन्हा भरावे लागे. कॉफीच्या भट्टीत एकीकडून आंबवण जात राही, दुसरीकडून मद्यार्क निघत राही. डब्लिनच्या बड्या भट्टीवाल्यांनी ती नाकारली. चव जाते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी मात्र तो हलका मद्यार्क मोडाच्या सातूच्या व्हिस्कीत मिसळला, भाव पाडला आणि बाजार जिंकला. 1909 साली रॉयल कमिशननेही त्या मिश्रणास व्हिस्की म्हणण्यास हरकत घेतली नाही. पुढे आयरिश लोकांनीही तोच मार्ग धरला.

पिंपात मुरवण्याच्या सक्तीचे मूळ तर कारखान्यातच आहे. 1915 साली महायुद्धात, कामगार पितात म्हणून दारूगोळा कमी पडतो, अशी ओरड लॉइड जॉर्ज यांनी केली आणि मे महिन्यात कोवळ्या दारूच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. त्याच कामगारांना किती तास राबवतात, हे पाहणारी समिती नेमायला सप्टेंबर उजाडला!

दोन्हींतल्या स्वस्त बाटल्या आम्ही पाणी घालून चाखून पाहिल्या आहेत. आयरिश बहुधा तीनदा उतरवलेली, म्हणून मऊ, किंचित गोडसर. स्कॉचला पुष्कळदा धुराचा वास. आमचे मत आयरिशला, सोबती हसतात.

पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली तेव्हा मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याची दारूबंदी होती. (पेनिसिलीनही आंबवूनच होते, हे जाता जाता.) बंदी पुढे सैल झाली, पण येथील स्वस्त देशी ‘व्हिस्की’ पुष्कळशी उसाच्या मळीच्या मद्यार्काची असते आणि युरोपचा कायदा तिला त्या नावाने विकू देत नाही. त्याहूनही स्वस्त शोधणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत दिसले: मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. बाटलीत मळी आहे की धान्य, हे ठळक मराठीत छापले पाहिजे, ही आमची मागणी आहे.